दिल्लीला निघालात? मग आधी नागपूर

“सामान नंतर. आधी तुम्ही काट्यावर उभे राहा.”

हो, तुम्हालाच सांगतोय तो. मागे वळून पाहू नका. मागचे शेटजी पोट आत ओढून स्वतःच्या पाळीची तयारी करताहेत. लोखंडी पाटी पायाखाली किंचित दबते, काटा थरथरतो, थांबतो, आणि काउंटरमागचा कारकून तुमचं वजन मोठ्यानं वाचत निळ्या शाईनं लिहून घेतो. आकडा पौंडांत आहे म्हणून दुपटीहून मोठा वाटतो, मनाला लावून घेऊ नका. विमान लहान आहे. पेट्रोल किती, माणसं किती, टपाल किती, याचा मेळ रोज रात्री नव्यानं बसवावा लागतो. त्यात टपालाचा मान पहिला.

तुम्ही आहात सांताक्रूझला. १९५५ सालचा डिसेंबर, रात्रीचे नऊ वाजून गेलेत. खाडीकडून ओलसर, खारट वारा येतोय, त्यात विमानाच्या पेट्रोलचा डोक्यात जाणारा वास मिसळलाय, आणि या दोन्हींवर कुणाच्या तरी विडीचा धूर. मच्छर घोट्याशी लागलेत. शहरातल्या ऑफिसपासून विमान कंपनीच्या बसनं तुम्हाला इथवर आणलं, त्या बसच्या रेक्झिनचा वास अजून कपड्यांना आहे. सोडायला आलेली माणसं प्रवास करणाऱ्यांपेक्षा तिप्पट आहेत. हार आहेत, नारळ आहेत, आणि “पोचल्यावर लगेच पत्र टाक” हे वाक्य एकाच वेळी चार-पाच भाषांत चाललंय.

तुमच्या तिकिटावर लिहिलंय मुंबई ते दिल्ली. आपल्या काळात हे अंतर विचारलं की उत्तर तयार असतं: विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे १,१४० किलोमीटर, साधारण दोन तास. आकडा वाचायचा, खिडकीकडची जागा धरायची, एक डुलकी काढायची, झालं. आज त्या रेषेचा काही उपयोग नाही. दिल्ली उत्तरेला आहे आणि तुमचं विमान जाणार आहे पूर्वेला, नागपूरला. तिथे मध्यरात्रीनंतर उतरायचं, दुसऱ्या विमानात बसायचं आणि मग दिल्ली गाठायची. कारकुनाला कारण विचारलंत तर तो हनुवटीनं बाहेर दाखवतो. “त्याच्यासाठी,” तो म्हणतो.

बाहेर टपालाची लाल गाडी आली आहे.

तिच्या मागे जरा दोन-तीन तास जाऊ. संध्याकाळी बोरीबंदरच्या जीपीओमध्ये त्या मोठ्या घुमटाखाली गर्दी उसळलेली असते. ऑफिसं सुटलीत, जो तो लोकल पकडण्याआधी पत्र टाकायला धावतोय. वेळ टळून गेली असली तर थोडी लेट फी भरून पेटी गाठायची. आत खळीचा आणि वितळलेल्या लाखेचा वास. शिक्क्यांचा ठोका थांबत नाही: शाईच्या पॅडवर एक, पाकिटावर एक, पॅडवर एक, पोस्टकार्डावर एक. मग गठ्ठे, सुतळी, चिठ्ठी, लाखेचं सील. नोकरीचे हुकूम, मुलगी पाहायला येण्याची तारीख, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका, मनीऑर्डरी, “तुझी प्रकृती कशी आहे” अशा चौकश्या, सगळं एका जाड कापडी थैलीत. काही वर्षांपूर्वी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना ही रात्रीची हवाई डाक सुरू झाली, आणि लगोलग साध्या पत्रालाही जादा तिकिटाशिवाय विमानानं जाण्याची सोय मिळाली. तुम्ही आज विमानाचं भाडं मोजलंय. त्या थैलीतलं पोस्टकार्ड पोस्टकार्डाच्याच भावात तुमच्याबरोबर उडणार आहे. मला विचाराल तर त्या काळातली यापेक्षा मोठ्या मनाची गोष्ट मला दुसरी सांगता येणार नाही.

आता हाक आलीय, चला.

डांबरावरून चालत जायचं. दिवसभर तापलेली जमीन चपलेतून अजून कोमट लागते. समोर डाकोटा उभं आहे, शेपूट टेकून, नाक वर करून. यातली बरीचशी विमानं युद्धानंतर स्वस्तात निघालेली. काल-परवापर्यंत यांच्यात सैनिक बसत होते. लहानशी शिडी चढून तुम्ही शेपटाजवळच्या दारातून आत शिरता आणि लगेच थबकता, कारण आतली वाट चढणीची आहे. जमिनीवर असताना हे विमान तिरकं उभं असतं, त्यामुळे आपल्या खुर्चीपर्यंत पोचायचं म्हणजे चक्क चढ चढायचा. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, वाकून, कुणाच्या तरी पायावर पाय देत. “सॉरी” म्हणा आणि पुढे सरका. अगदी पुढे, वैमानिकांच्या पाठीमागे, थैल्या रचलेल्या दिसतात. त्या केव्हाच बसल्यात.

खुर्ची मिळाली? शेजारी पाहा. नऊवारीतल्या एक आजी, अंगावर शाल, मांडीवर पितळी डबा घट्ट धरलेला. त्यांचाही पहिलाच विमानप्रवास आहे, तुमच्यासारखा. (तुम्ही शंभर वेळा उडाला असाल, पण असे कधीच नाही.) दिल्लीला पहाडगंजात लेक आहे, तिचं बाळंतपण तोंडावर आलंय. डब्यात डिंकाचे लाडू आहेत. जावयानं घाईनं बोलावलं, नातवानं तिकीट काढून दिलं आणि आजच संध्याकाळी ‘आजी येतेय’ असं पत्र जीपीओत टाकलं.

“पण बाळ,” आजी तुमच्याकडे झुकून विचारतात, “पत्र आधी पोचेल का मी?”

उत्तर देऊ नका, आता ऐकू येणार नाही. डावीकडचा पंखा आधी आळसावून फिरतो, एक खोकला, दुसरा खोकला, पांढऱ्या धुराचा लोट खिडकीवरून मागे जातो, आणि मग इंजिन पेटतं. मग उजवीकडचं. प्रत्येकात १४ सिलिंडर आहेत आणि ते सगळे तुमच्या दाढांमध्ये वाजताहेत. पिठाच्या गिरणीत भरल्या दुपारी उभं राहिल्यावर जसं अख्खं अंग घरघरतं तसं होतंय, फरक एवढाच की ही गिरणी पुढचे पावणेतीन तास थांबणार नाही. स्टुअर्ड ताट फिरवतो. त्यात कापसाचे बोळे आणि लिमलेटच्या गोळ्या. बोळे कानात घालायचे, गोळी तोंडात ठेवायची. उलट करू नका.

धावताना आधी शेपूट उचललं जातं. तुम्ही इतका वेळ मागे रेलून बसला होता, एकदम सरळ होता, आणि कळायच्या आत खालचा खडखडाट बंद पडतो. आजींनी डोळे मिटलेत. ओठ हलताहेत, बहुधा रामरक्षा. खिडकीच्या काचेला नाक लावा: मुंबईचे दिवे एका बाजूला कलंडतात, लोकलची एक पिवळी ओळ सरपटताना दिसते आणि मग दिवे विरळ होत जातात.

पुढचं मला तुम्हाला नीट दाखवायचंय. मुंबई ते नागपूर सरळ रेषा ओढली तर ती सुमारे ६८० किलोमीटर भरते. आगगाडीला घाट चढून, वळणं घेत ८३७ किलोमीटर जावं लागतं. ही सरळ रेषा सह्याद्री ओलांडते ती जवळजवळ हरिश्चंद्रगडावरून. तिथे विमान हिसका देईल. पोटात खड्डा पडेल, शेटजींच्या हातातला पेपर खाली येईल, मागे कुणीतरी कागदी पिशवीसाठी हात वर करील. थोड्या वेळानं त्या पिशवीचा आंबट वास पुढपर्यंत येईल आणि त्याच्यावर कुणीतरी ओदकोलोनची बाटली उघडेल. दोन्ही मिळून जो वास होतो, तो डाकोटातून गेलेला माणूस जन्मभर विसरत नाही.

घाट गेला की रेषा औरंगाबादवरून जाते, जालन्याच्या उत्तरेनं, अकोला उजवीकडे की डावीकडे हे शोधायच्या आत मागे पडतं, मग अमरावतीच्या दक्षिणेनं वऱ्हाड ओलांडते. हे सगळं मी नकाशावरून सांगतोय, कारण तुम्हाला खाली दिसतोय तो निव्वळ काळोख. खेड्यांत वीज नाही. एखादा लालसर ठिपका दिसला तर ती शेकोटी असेल, नाहीतर कापसाची गाडी थांबवून कुणी चूल मांडली असेल. महाराष्ट्राची एवढी मोठी रुंदी पार करताना मोजून पाच-सहा ठिकाणी दिव्यांचे पुंजके लागतात. आपल्या काळात याच वाटेवर खालून उजेडाची जाळी सरकत जाते. इथे खिडकीतून पाहिलं तर स्वतःचाच चेहरा दिसतो.

उजेड हवाच असेल तर पंखाकडे पाहा. इंजिनाच्या नळीतून निळी ज्योत निघते आहे. घाबरू नका, ती तशीच असायची असते. दिवसा ती दिसत नाही एवढंच.

विमान आठ-नऊ हजार फुटांवर आहे आणि आत हवेचा दाब राखायची सोय नाही. म्हणजे बाहेर जी हवा, तीच आत. विरळ, थंड. कान बुजतात, जांभई दिली की फट्‌ करून उघडतात, परत बुजतात. खिडकीच्या कडेनं गार धार येते आणि बरोबर मानेवर लागते. ब्लँकेट खरखरीत आहे, त्याला सिगारेटचा वास आहे, तरी हनुवटीपर्यंत ओढून घ्या. पुढच्या दाराची फट उघडली की बिनतारी यंत्रावर बसलेला अधिकारी दिसतो. कानांवर हेडफोन, हात किल्लीवर. नागपूरशी बोलणं चाललंय त्याचं, टिक आणि टिकटिक यांच्या भाषेत. इंजिनाच्या गर्जनेत तो नाजूक आवाज त्याला कसा ऐकू येतो हे मला अजून कळलेलं नाही, पण या विमानातली सगळी झोप त्या माणसाच्या कानांवर विसंबून आहे.

आजींनी डबा उघडला. लाडू तुमच्या हातावर आला. खा. मोठ्या आवाजात बोलता येत नाही म्हणून त्यांनी बोटांनी खूण केली: एकच, बाकीचे लेकीचे.

सोनेगाव आलं. आधी लांबून फिरता दिवा, मग धावपट्टीच्या कडेचे ठिपके, मग चाकांचा किरकिराट. दार उघडतं आणि नागपूरची डिसेंबरची थंडी आत घुसते, कोरडी, झोंबरी, मुंबईच्या माणसाला अपमान वाटावा अशी. तुमच्या नाकातलं पाणी गोठतंय असं वाटेल. पण त्याच वाऱ्यावर काहीतरी गोड येतंय. संत्री! कुणीतरी जवळच साल काढतंय, आणि इंजिनाच्या जळक्या तेलाच्या वासात ती एक धार सरळ नाकात शिरते. घड्याळात एक वाजायला आलाय. गावाला झोप लागून तीन तास झाले असतील. इथे मात्र जत्रा भरली आहे.

धावपट्टीलगत दिल्लीहून आलेलं विमान उभं आहे. कलकत्त्याचं आत्ताच टेकलं, त्याचे पंखे अजून सुटे फिरताहेत. हातगाड्या धावताहेत. दिव्यांखाली थैल्यांचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये टपाल खात्याची माणसं, कानटोप्या घातलेली, तोंडातून वाफ सोडत चिठ्ठ्या वाचणारी. “मद्रास! मद्रास इकडे! अरे तो कलकत्ता आहे, तिकडं कुठं नेतोस!” प्रत्येक विमानानं तीन शहरांसाठी थैल्या आणल्यात आणि ते तीन शहरांकडच्या थैल्या घेऊन परत जाणार.

चहा येईपर्यंत हे गणित समजून घ्या, कारण त्याच्यासाठीच तुम्ही इथे कुडकुडताय. भारताच्या नकाशावर पट्टी ठेवा. मुंबई ते कलकत्ता एक रेघ ओढा, दिल्ली ते मद्रास दुसरी. दोन्ही एकमेकींना छेदतात त्या जवळजवळ नागपूरवर. नागपूरहून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५. कलकत्त्याचं पत्र इथे येऊन मुंबईला गेलं काय किंवा सरळ गेलं काय, अंतरात फरक जवळपास नाहीच. दिल्ली-मद्रासचंही तसंच. वळसा पडतो तो तुमच्यासारख्यांना, शेजारच्या बाजूला जाणाऱ्यांना: मुंबई-दिल्ली १,१४० ऐवजी १,५३५ किलोमीटर. जवळजवळ ४०० किलोमीटर जास्त.

पण चार शहरांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीला जाणारं एक आणि येणारं एक असं सरळ विमान लावायचं म्हटलं तर रात्रीला बारा हवीत. इथे चारात भागतं. चौघं संध्याकाळनंतर आपापल्या घरून निघतात, मध्ये भेटतात, पिशव्यांची अदलाबदल करतात आणि उजाडेपर्यंत घरी. मुंबईचं अंतर सगळ्यांत कमी म्हणून ते सगळ्यांत उशिरा निघालं तरी चालतं. कलकत्त्याच्या माणसांना जेवण आटोपतं घ्यावं लागतं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत मेम्फिसच्या विमानतळावर एका कुरिअर कंपनीनं अशाच रात्रीच्या अदलाबदलीवर आपला सगळा धंदा उभा केला आणि जगानं त्याचं कौतुक केलं. ते कौतुक योग्यच होतं. सोनेगावच्या थंडीत हातगाडी ओढणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं थोडंसुद्धा आलं नाही, याचं मात्र मला वाईट वाटतं.

“च्या घ्या न जी,” कॅन्टीनवाला तुमच्या हातात कपबशी देतो. “दिल्लीले चालले का? मंग आज बसा निवांत. मद्रासचं इमान नाही आलं अजून.”

इतका वेळ तुमच्या लक्षात आलं नव्हतं. विमानं तीनच आहेत.

डिसेंबरात मद्रासकडे पावसाळा सरलेला नसतो. ढग वाटेत आडवे आले असतील, वळसा घ्यावा लागला असेल, निघायलाच उशीर झाला असेल. काहीही असो, आज ते येईपर्यंत बाकीची तीन थांबलीत. कुणाची थैली मागे राहता कामा नये.

मग बसायचं. सतरा-अठरा खुर्च्यांच्या खोलीत पन्नासेक माणसं. कलकत्त्याचे बाबू माकडटोपी कपाळापर्यंत ओढून, मांडीवर मिठाईचा खोका. झाकण किंचित उघडलं की नव्या खजुरी गुळाचा वास येतो. दिल्लीवाले ओव्हरकोटात, त्यांना हीच थंडी थंडी वाटत नाही, ते बाहेर येरझाऱ्या घालताहेत. मुंबईकर मात्र कपबशीला दोन्ही हातांनी धरून बसलेत. ऑम्लेटचा चरचर आवाज, टोस्ट करपल्याचा वास, चार भाषांत एकच प्रश्न: किती वाजले? शेटजींना दिल्लीचा एक कापडवाला भेटलाय आणि रात्री दीड वाजता दोघांचं गाठींचं बोलणं रंगात आलंय. एका बंगाली बाईंच्या मांडीवरचं मूल उठून रडायला लागलं; आजींनी न विचारता त्याला उचललं, शालीत घेतलं, थोपटलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला बंगाली. मूल झोपलं.

संत्र्यांची टोपली घेऊन एक म्हातारबा बसलाय. एक उचला. साल सैल आहे, नख लावलं की सुटते, तुषार उडतो आणि बोटांना वास राहतो तो दिल्लीपर्यंत. फोडी थंडगार, दात शिवशिवतात. “अंबिया बहाराची हाय,” म्हातारबा सांगतो, “खाऊन तं पाहा, मंग बोला.”

दोन वाजतात. बोलणं कमी होत गेलंय. कॅन्टीनवाला कप विसळता विसळता हात थांबवून मधूनच ऐकतो. बाकीचेही ऐकताहेत, हे तुम्हाला जरा उशिरा कळतं. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात, इथूनच मद्रासला निघालेलं डाकोटा उडाल्यावर काही क्षणांत कोसळलं होतं. १३ माणसं गेली. त्या रात्री याच खोलीत कुणीतरी असाच चहा प्यायला असेल. आपल्या काळात दोन विमानतळांमधला वेळ मिनिटांत छापलेला असतो आणि दहा मिनिटं उशीर झाला की आपण चिडतो. इथे कुणी चिडत नाही. सगळे दाराकडे तोंड करून उभे आहेत.

आला! आधी वाटतं कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज असेल. मग दिल्लीवाल्यांपैकी एकजण दक्षिणेकडे बोट करतो. तांबडा दिवा, हिरवा दिवा, दोन्हींच्या मध्ये अंधार. आवाज वाढतो आणि खोलीतला प्रत्येक माणूस एकदम बोलायला लागतो. टपालवाले हातगाड्या घेऊन पळत सुटलेत. विमान टेकलं, वळलं, थांबलं, दार उघडलं, आणि पहिली पायरी उतरली ती ओली छत्री. तिच्यामागे पातळ मलमलच्या कपड्यांतली माणसं, नागपूरची हवा अंगाला लागताच आक्रसून गेलेली. एका तरुण बाईच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा आहे, प्रवासात चुरगळलेला, पण त्याच्या वासानं ती सगळी करपट, तेलकट खोली क्षणभर भरून जाते. आजी आपली दुसरी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकतात. “घे गं,” म्हणतात, “विमान निघेपर्यंत तरी घे.”

पुढची वीस मिनिटं पळापळीची. थैल्या या गाडीवरून त्या गाडीवर, लाखेची सीलं टॉर्चच्या उजेडात तपासली जाताहेत, तळहातावर पेन्सिलीनं आकडे. तुम्ही बाजूला उभे राहा. एक हमाल ओरडतो, “सरका जी!” आणि तुमच्या पोटाला घासून एक थैली जाते. चिठ्ठीवर मुंबई ते दिल्ली. आजींनी ती पाहिली.

“ही बघ,” त्या तुमची बाही ओढतात. “यातच असेल. माझ्याच विमानात चढवताहेत मेले!”

आता तुम्ही दिल्लीच्या विमानात. पुन्हा तो चढ, पुन्हा घरघर, पुन्हा कापूस. यावेळी ८५५ किलोमीटर, म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास. सुरुवातीलाच सातपुडा, छिंदवाड्याच्या बाजूनं. मग नर्मदा, जी दिसणार नाही. मग माळव्याची कड आणि चंबळचं खोरं. तुम्ही झोपाल. शरीराला दुसरा उपायच राहत नाही. मान एका बाजूला पडेल, पाय गारठतील, दर अर्ध्या तासानं कान तुम्हाला जागं करतील आणि दर वेळी निळी ज्योत तिथेच असेल. एकदा जाग येईल तेव्हा खिडकीची कड राखाडी झालेली असेल. आजूबाजूचे चेहरे सुजलेले, दाढ्या वाढलेल्या, तोंडाला रात्रीच्या चहाची चव. रात्री दहाला निघून आता साडेसहा होताहेत. फ्रंटियर मेलनं गेला असता तर या वेळेला अर्धी वाटसुद्धा धड सरली नसती; संध्याकाळपर्यंत खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जात राहिले असते. रात्रभर आखडलेल्या गुडघ्यांना मात्र हा हिशेब सांगून उपयोग नाही.

खाली दिल्ली नाही. खाली धुकं आहे, सपाट, पांढरं, कडेकडेनं गुलाबी होत चाललेलं. विमान एक फेरी घेतं. दुसरी घेतं. बिनतारीवाला अधिकारी पुढे वाकलाय. सगळी खोळ हळूहळू एका जागी विरळ होते, त्यातून एक घुमट वर येतो, झाडांचे शेंडे, एक रस्ता, आणि वैमानिक तेवढ्यात नाक खाली घालतो. चाकं टेकली तेव्हा आजींनी तुमचा हात धरलेला होता. धावपट्टी संपली तरी त्या सोडत नाहीत.

टपालाची गाडी थेट विमानापाशी येऊन थैल्या घेऊन गेली, तुमची बॅग अजून कुठेय कुणास ठाऊक. ती मिळाली की आजींना एकटं सोडू नका, टॅक्सी दोघांत करा. सरदारजी कोळशाच्या शेगडीवर हात शेकत उभे आहेत. पहाडगंज म्हटल्यावर ते भाडं सांगतात, आजी मराठीतून घासाघीस करतात, आणि काही तरी होऊन सौदा ठरतो. वाटेत धुराचा, ओल्या मातीचा, भट्टीतल्या रोटीचा वास. गल्लीत शिरल्यावर एकदम फोडणीच्या मोहरीचा. मराठी वस्ती आली.

लेकीनं दार उघडलं आणि किंचाळलीच. “आई! अगं कळवायचं तरी!”

“कळवलंय,” आजी डबा तिच्या हातात देत म्हणाल्या. “पत्र टाकलंय काल संध्याकाळी.”

तुम्हाला आत बसवलं गेलंय. पोहे समोर आलेत, जावई ऑफिसला जायचे थांबलेत आणि विमानात नेमकं काय काय झालं ते सांगण्याचं काम आजींनी तुमच्याकडून काढून स्वतःकडे घेतलंय. त्यांच्या सांगण्यात मद्रासचं विमान तीन तास उशिरा आलं आणि धुक्यात सात फेऱ्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास खाली सायकलची घंटा वाजते. पोस्टमन जिन्यात येऊन मोठ्यानं जावयांचं नाव घेतो. लेक उठायला लागते, तिला अवघडलेपणानं उठवत नाही, तोवर आजी दाराशी पोचल्यासुद्धा.

“आण इकडे,” त्या पोस्टमनला म्हणतात, “त्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. आणि बस जरा, लाडू खाऊन जा. माझ्याबरोबरच आलंय ते मुंबईहून.”